गाळलेली हाक

गारगोटीची एसटी दुपारी दीडला आली आणि दोनच्या सुमाराला हिंदुराव निकम घरात शिरले. पिशवी कोपऱ्यात ठेवली, बंद पडलेला चष्मा चार्जरला लावला, सावकाश हातपाय धुतले, चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि टॉवेलला हात पुसता पुसता बायकोला सांगून टाकलं, "येत्या रविवारी मी सर्जाकडं राहायला जाणार. कायमचा."

शैलजाबाई ताट वाढत होत्या. भाताचा चमचा तसाच हातात राहिला.

"का?"

हिंदुरावांच्या चष्म्याच्या काचेवर, बायकोच्या हनुवटीच्या जरा खाली, पांढऱ्या अक्षरांत 'का?' उमटलं. त्यांनी ते वाचलं आणि मान हलवली.

"तिथं मला हाक मारत्यात," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. धाकटा भाऊ सर्जेराव याच्या गारगोटीच्या घरी हिंदुराव आठ दिवसांसाठी गेले आणि चष्म्याचा चार्जर कोल्हापुरातच विसरले. दुसऱ्या दिवशी चष्मा बंद पडला. आता या ठार बहिऱ्या माणसाशी बोलायचं कसं? सर्जेरावानं पोरांची जुनी पाटी शोधून काढली आणि खडूनं लिहिलं, 'आण्णा, चहा घेता काय?'

"आण्णा आधी, मग चहा," हिंदुराव सांगत होते. "संध्याकाळी, आण्णा, शेताकडं येतासा? त्याची सून लिवायची, थोरलं मामा, जेवायला चला. मी पाटी पुसायच्या आधी नुसतं ते आण्णा वाचत बसायचो. आणि इथं चार वर्षांत तू मला एकदा अहो म्हटलेलं न्हाईस."

"असं कसं? दिवसातून पन्नास वेळा म्हणते मी!"

"काचेवर एकदा पण दिसलं न्हाई."

काचेवर ते का दिसलं नसेल, हे जगात कोणाला ठाऊक असेल तर ते शैलजाबाईंनाच होतं. पण पुराव्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. "जेवून घ्या," एवढंच त्या म्हणाल्या. काचेवर तेवढंच उमटलं.

हिंदुराव कुस्तीच्या मैदानातले निवेदक. चाळीस वर्षं त्यांनी आखाड्याच्या कडेला माइक धरला. पैलवानाचं नाव, बापाचं नाव, वस्तादाचं नाव, गाव, तालुका, सगळं बिनचूक, एका दमात. ज्याचं नाव हिंदुरावांनी घेतलं त्याची छाती कुस्तीच्या आधीच दोन बोटं फुगायची. पण भोंग्यांच्या शेजारी उभं राहिल्याची किंमत कानांनी मोजली. आपल्या कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, अगदी सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्या डुलतात आणि त्या डुलण्याचा विजेचा संदेश होऊन मेंदूकडे जातो. या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हिंदुरावांच्या अर्ध्या तशा गेल्या, उरलेल्या एका आडमुठ्या तापानं नेल्या आणि जाताना तो कानाची शीरही सुकवून गेला. त्यामुळे कानात यंत्र बसवायची वाटही बंद झाली.

उरला तो ओळीचा चष्मा. त्याच्या दांड्यांत चार मायक्रोफोन असतात. एकच आवाज चौघांकडे किंचित मागेपुढे पोहोचतो आणि त्या फरकावरून कोण, कुठून बोलतंय ते चष्मा ओळखतो. बोलणं अक्षरांत उतरतं आणि ज्याचं त्याच्या हनुवटीखाली तरंगतं. इथवरचं काम इंजिनिअरांनी केव्हाच फत्ते केलं होतं. घोडं अडलं ते डोळ्यांपाशी. माणूस मिनिटाला दीडशे शब्द सहज बोलून जातो. पण समोरच्याचा चेहराही बघायचा आणि ओळही वाचायची, तर डोळा शंभराच्या आतच दमतो. पहिल्या चष्म्यांत सगळं बोलणं जसंच्या तसं दिसायचं. लोकांची डोकी दुखायला लागली. समोरचा हसून मोकळा व्हायचा आणि हे आपले दोन वाक्यं मागे. तेव्हा बोलणं आटवणारी एक गाळणी हवी, असं ठरलं. आणि बोलणं आटवायचं कसं, ते सिनेमाखालच्या ओळी लिहिणाऱ्यांखेरीज कोणाला येतं?

शैलजाबाई त्या धंद्यातल्या मुरलेल्या. एकतीस वर्षांत अकराशे सिनेमे त्यांनी मराठी ओळींत उतरवले होते. जास्तीत जास्त दोन ओळी, जास्तीत जास्त सहा सेकंद. नायक अर्धं मिनिट गळा काढून रडत बोलला तरी बाईंच्या ओळीत ते नऊ शब्दांत बसायचं आणि प्रेक्षकाला काही कमी पडलंय असं वाटायचं नाही. हाताखालच्या मुलींना त्या तीन गोष्टी शिकवायच्या. डोळ्याला दिसतंय ते लिहू नका. दोनदा म्हटलेलं एकदाच लिहा. आणि हाक लिहू नका. आई गं, अरे मित्रा, अहो, ए पोरी, हे कुठल्याही भाषेत असलं तरी प्रेक्षकाच्या कानाला कळतंच, डोळ्याचा वेळ त्यावर कशाला घालवायचा?

पुण्याच्या एका कंपनीनं त्यांचे अकराशे सिनेमे घेतले. एका बाजूला मूळ संवादाचा शब्दशः तर्जुमा, दुसऱ्या बाजूला बाईंच्या ओळी, अशा लाखो जोड्या यंत्राला वाचायला दिल्या. आठ महिने बाई स्वतः तिथं बसून यंत्राच्या चुका सुधारत होत्या. पुढं हिंदुरावांचे कान गेले आणि त्यांच्या नाकावर पहिला चष्मा चढला तेव्हा शैलजाबाई बहिणीला अभिमानानं म्हणाल्या होत्या, "माझ्याच हातची गाळणी आहे ती."

गुरुवारी सकाळच्या गाडीनं त्या पुण्याला गेल्या. कंपनीत समीना मुजावर होती. इचलकरंजीची मुलगी, तेव्हा नवखी, आता गाळणी विभागाची प्रमुख. तिनं चहा मागवला.

"समीना, तुमची गाळणी हाक का गाळते?" बाईंनी चहाला हातही न लावता विचारलं.

समीनानं पडद्यावर आकडे काढून वाचले. मग हळूच म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत, मॅडम."

अकराशे सिनेमांतल्या मूळ संवादांत एकसष्ट हजार हाका होत्या. बाईंच्या ओळींत त्यातल्या पावणेचारशे उरल्या होत्या. यंत्रानं त्यातून एकच धडा घेतला, की हाक म्हणजे केर.

"अगं, पण सिनेमा बघणारा माणूस ऐकत असतो!"

"हो. हे यंत्राला कोणी सांगितलं नाही. मीही नाही. आपण दोघी ऐकणाऱ्या, मॅडम. डोक्यातच आलं नाही आपल्या."

"किती चष्मे आहेत असे?"

"पावणेचार लाख."

"आणि तक्रार?"

"एकही नाही. जे दिसलंच नाही त्याची तक्रार कोण करणार?" समीनाचा चेहरा उतरला होता. "मी संचालक मंडळापुढं मांडते. पण हाक ठेवली की दुसरं काहीतरी जाणार. जागा तेवढीच आहे ना."

पावणेचार लाख घरांत कोणाची आई, कोणाचा काका, कोणाचा नवरा चार-चार वर्षं बिनहाकेचे बसले असतील, या विचारानं शैलजाबाईंना खुर्चीत धड बसवेना. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला असता तर एक वेळ ठीक होतं, हा तर गावाच्या पायावर पडला होता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना गावाची नव्हे, रविवारची भीती वाटत होती.

"न गाळलेलं बोलणं कुठं राहतं का?"

"तीस दिवसांचं राहतं, चष्म्याच्या कुलपात. मग आपोआप पुसलं जातं. आणि ज्यांच्या नाकावर चष्मा, फक्त त्यांच्याच अंगठ्यानं ते उघडतं. मलासुद्धा बघता येत नाही." समीनानं कागदावर कृती लिहून दिली. गाळणी पूर्ण बंद करायची कृतीही खाली लिहिली. "पण मॅडम, ती बंद केली तर त्यांना वाचणं झेपणार नाही. ओळी धावतात."

परतीच्या गाडीत बाईंना हलकं वाटत होतं. चूक मोठी होती, पण ती कबूल करता येण्याजोगी होती. रविवारी नवऱ्यापुढं तीस दिवसांचं बोलणं उघडायचं. हा सूर्य आणि हा जयद्रथ. बघा, इथं मी अहो म्हटलंय, इथंही म्हटलंय, आणि यंत्रानं खाल्लंय, आणि त्या यंत्राला ते मी शिकवलंय. मग शिव्या द्या, काही करा, पण जाऊ नका. सातारा येईपर्यंत त्यांनी हे भाषण तीनदा मनात घोकलं आणि तिन्ही वेळा ते आधीपेक्षा आटोपशीर झालं.

रविवारी हिंदुरावांची बॅग दाराशी तयार होती. गाडी बाराची. दहा वाजता शैलजाबाईंनी त्यांना भिंतीवरच्या टीव्हीसमोर बसवलं आणि काय ते सांगितलं. हिंदुराव ओळी वाचत होते.

"म्हणजे तू हाक मारत हुतीस. आणि ते तूच शिकवलेलं यंत्र ती खात हुतं."

"हो."

"दाव."

हिंदुरावांनी चष्म्याच्या दांडीवर अंगठा टेकवला. पडद्यावर दोन रकाने उघडले. डावीकडे बोललेलं, उजवीकडे काचेवर दिसलेलं.

पहिला दिवस. डावीकडे: 'पाणी तापलंय.' उजवीकडे: 'पाणी तापलंय.' डावीकडे: 'गोळी घ्या. पांढरी.' उजवीकडे: 'गोळी घ्या. पांढरी.' मग 'जेवण वाढलंय', मग 'लाइट बिल भरलं', मग 'छत्री न्या.' डावीकडे जे तेच उजवीकडे.

"पुढं बघा," शैलजाबाई म्हणाल्या. "हा दिवस तसाच असेल."

दुसरा दिवस तसाच होता. पाचवाही. नवव्या दिवशी बाईंनी स्वतःच बोटानं पानं भराभर सरकवायला सुरुवात केली. कुठं तरी असेलच. एक तरी. शेवटी तळाशी यंत्रानं हिशेब दिला होता. शैलजा निकम, चष्मा नाकावर असताना बोललेले शब्द चार हजार दोनशे बारा. गाळलेले, एकोणीस.

त्या एकोणीसांत 'अहो' नव्हतं.

"यात तर काय कापलेलंच न्हाई," हिंदुराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

मधूनमधून काही ओळी अशा होत्या की ज्यांची उजवी बाजू रिकामी होती. हिंदुराव आंघोळीला गेले की चष्मा फडताळावर असायचा आणि घरातलं बोलणं ऐकत राहायचा. त्या ओळी हिंदुराव आता सावकाश वाचायला लागले. बाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या: 'अगं सुरेखे, ऐक ना गं, काय सांगू तुला, काल इतकी मज्जा झाली, थांब, आधी तू सांग बाई, तुझा गुडघा कसाय?' दारातल्या भाजीवालीशी बोलत होत्या: 'अगं ए, एवढीशी कोथिंबीर देतेस होय गं? बस बघू आधी, पाणी पी. ऊन किती लागलंय तुला, चेहरा बघ बाई तुझा.'

हिंदुरावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वळून बायकोकडे पाहिलं.

"ही तूच काय?"

आपण दिवसातून पन्नास वेळा अहो म्हणतो, हे शैलजाबाईंना अगदी आतून खरं वाटत होतं. म्हणत होत्याही, पहिल्या वर्षी. मग एकदा त्यांनी शेजारच्या कुलकर्ण्यांच्या फजितीची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली आणि काचेवर उमटलं, 'कुलकर्णी घसरले.' हिंदुरावांनी गंभीरपणे विचारलं, लागलं काय? त्या दिवशी त्यांच्यातली कारागीर दुखावली. यंत्रानं वेडंवाकडं कापण्यापेक्षा आपणच नीट कापून बोलावं, म्हणजे त्याला कापायला काही उरणारच नाही. एका वाक्यात एक गोष्ट, दोन ओळींत बसेल एवढीच. आपण किती छान जमवलंय असं त्यांना वाटायचं. अशी ती सवय जिभेला लागली आणि जिभेची मग गळ्याला लागली. यंत्रानं पहिल्या वर्षी हाका गाळल्या असतील, पण पुढची तीन वर्षं गाळायला यंत्राची गरजच पडली नव्हती.

हे सगळं सांगायला हवं होतं. त्यांनी ओठ हलवले, पण हिंदुराव परत पडद्याकडे वळले होते. तिथं खाली तिसराही एक रकाना होता, चष्मा घालणाऱ्याच्या स्वतःच्या बोलण्याचा. हिंदुराव निकम: 'चहा.' 'हं.' 'ठेव तिथं.' 'दार लाव.' 'नको.' 'हं.' गारगोटीहून आल्या दिवसाचं बोलणं सोडलं तर महिनाभराचं सगळं दीड पानात संपलं होतं. जो माणूस एका पैलवानाचं नाव घ्यायला पाव मिनिट लावायचा, त्याचा हा महिना होता. बायकोचं नाव त्यात नव्हतं. हिंदुरावांनी ते दीड पान पुन्हा वरून वाचलं.

"मी असं बोलतो?" त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज चार वर्षांत त्यांनी ऐकलाच नव्हता.

शैलजाबाईंनी मान हलवली आणि मग त्यांना काय झालं कोण जाणे. टेबलावरचा समीनाचा कागद त्यांनी ओढला, हिंदुरावांच्या चष्म्याची दांडी धरून सांगितल्याप्रमाणे कळ दाबली आणि गाळणी बंद केली.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, ऐका ना. म्हणजे ऐका कसलं, वाचा. नाही, तसं नाही. मला काय म्हणायचंय, तुम्ही जाता म्हणालात ना, तेव्हा मला राग आला, खरंच राग आला, म्हटलं ह्या माणसासाठी मी एवढं, एक-एक शब्द मोजून, आणि हा म्हणतो कायमचा. कायमचा म्हणे! आणि तुम्ही तरी काय हो, गारगोटीला जाऊन पाटीवर खूश, पण मला एकदा तरी विचारलंत का, की तू अशी का बोलायला लागलीस? मी विसरलेच हो बोलायचं. मला वाटलं तुम्हाला आता एवढंच लागतं. आणि तुम्हाला वाटलं हिच्याकडं एवढंच उरलंय. अहो, मी पावणेचार लाख लोकांचं वाटोळं केलं, पण मला, देवाशप्पथ, मला फक्त तुमचीच..."

"थांब," हिंदुराव म्हणाले. काचेवर ओळी धावत होत्या. एक वाचेपर्यंत तिच्यावर तीन चढत होत्या. "थांब की. पळायलंय सगळं."

त्या थांबल्या नाहीत. थांबता येत नव्हतं. सुरेखाचा गुडघा, कुलकर्ण्यांची घसरगुंडी, समीनाचा चहा, लग्नानंतरच्या पहिल्या मैदानात बायकांच्या घोळक्यात बसून ऐकलेला त्यांचा आवाज, रडू, मध्येच हसू, पुन्हा पहिलंच, जे जे एकतीस वर्षं त्यांनी इतरांच्या तोंडून छाटलं होतं ते सगळं त्यांच्या स्वतःच्या तोंडून लोटत बाहेर येत होतं. हिंदुरावांनी चष्मा काढला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि काही न ऐकू येता, काही न वाचता, बायकोचा हलणारा चेहरा बघत राहिले. तो चेहरा त्यांनी मधे ओळ न येता चार वर्षांनी पाहिला.

बोलणं संपलं तेव्हा बाईंना धाप लागली होती. हिंदुरावांनी चष्मा पुन्हा चढवला.

"मला त्यातलं काय बी कळलं न्हाई, शैला," ते म्हणाले. "परत सांग."

शैलजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. स्टँडवर पोहोचायचं तर निघायलाच हवं होतं. त्यांनी श्वास घेतला आणि सवयीनं सुरुवात केली, "थोडक्यात सांगायचं तर..."

"थोडक्यात नको," हिंदुराव म्हणाले आणि दाराशी ठेवलेली बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवून आले.